नव्या बाळाचें स्वागत आणि घरांतलीं जुनीं मुलें

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे आनंद मानावा, हें कोणीं कोणास शिकवावयास नको. नांदेडास काय किंवा लातुरास काय, बाळंतीण तान्ह्यास घेऊन माहेराहून परत आली म्हणजे तिला उंबरठ्याबाहेर थांबवून मायलेकरांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तिच्या पायांवर पाणी घालतात, आत्या पुढें होऊन बाळास घेते, आणि मग बारसें उरकेपर्यंत त्या घरास उसंत म्हणून नसते. याच नांदेडांत शेजारच्या शीख कुटुंबांत गुरुग्रंथसाहेब उघडून निघालेल्या पहिल्या अक्षरावरून बाळाचें नांव ठेवितात, आणि मुसलमान शेजाऱ्याच्या घरीं बाळाच्या कानांत अजान देतात. रीति निराळ्या; परंतु 'तूं आमचा आहेस' हें घरानें त्या जिवास सांगावें, हा त्यांतील अर्थ एकच. या आनंदांत मिठाचा खडा टाकण्याची आम्हांस हौस नाहीं. तथापि ज्या घरांत हें तान्हें मूल येतें तें घर दोन मोडलेल्या संसारांचें मिळून एक झालेलें असेल, कांहीं मुलें बापाच्या पहिल्या संसारांतलीं, एखादें आईनें आपल्याबरोबर आणलेलें, शिवाय दीर-जावांचीं चार, अशा गोकुळांत तें येत असेल, तर त्या उंबरठ्यावर स्वागताशिवाय आणखीहि कांहीं घडत असतें. तिकडे आमच्या समाजाचें लक्ष जात नाहीं, म्हणून आज हे चार शब्द लिहीत आहों.

आमच्या पाहण्यांतील एक गोष्ट सांगतों. लातुरांतील एका आडत्याचें घर. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. थोरल्या मुलाची पहिली बायको आजारानें वारली आणि त्याच्या पदरीं दोन मुली राहिल्या. पुढें त्यानें नांदेडकडील एका विधवेशीं लग्न केलें. तिचा पहिला नवरा कोरोनाच्या साथींत गेला होता आणि तिला एक मुलगा होता. दोन वर्षांनीं या जोडप्यास पुत्र झाला. बारशाच्या दोनशें पत्रिका छापून आल्या. पत्रिकेच्या तळाशीं, आतां सर्वत्र असतें त्याप्रमाणें, 'किलबिल' म्हणून घरांतल्या मुलांचीं नांवें होतीं. दोन्ही मुली होत्या, चुलत भावंडें होतीं, पुण्यास राहणारीं आतेभावंडेंहि होतीं. नव्हतें तें एकच नांव, आईबरोबर आलेल्या आठ वर्षांच्या मुलाचें. तें कोणीं द्वेषानें गाळलें नव्हतें. काकानें यादी केली ती आडनांव डोळ्यांपुढें ठेवून, आणि या मुलाचें आडनांव निराळें. मुलानें पत्रिका उचलली, एकदां वाचली, पुन्हां वाचली, आणि ढिगावर जशीच्या तशी ठेवून दिली. बोलला कांहींच नाहीं. आजोबांनीं हें पाहिलें. त्यांनीं तो सगळा गठ्ठा त्याच रात्रीं छापखान्यांत परत नेला आणि पत्रिका नव्यानें छापवून घेतल्या. नांवें वयाप्रमाणें घातलीं. त्यांत त्या मुलाचा नंबर दुसरा आला. ज्यांनीं उभ्या जन्मांत आडतीच्या हिशेबांत रुपयाची चूक होऊं दिली नाहीं, त्यांनीं हा दुहेरी छपाईचा खर्च कोणत्या खातीं टाकला, असें आम्हीं थट्टेनें विचारलें. म्हातारबोवा हंसले नाहींत. ते म्हणाले, "चूकदुरुस्ती खातीं."

आमच्या मतें या प्रश्नाचें सारें मर्म या लहानशा गोष्टींत आहे. सावत्रपणा म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें कहाण्यांतली दुष्ट सावत्र आई उभी राहते. ती मुलांस उपाशी ठेवते आणि मारते. अशा बायका असतील. परंतु खरा सावत्रपणा बहुतेक घरांत मारझोडीनें येत नाहीं. तो याद्यांतून येतो. पत्रिकेची यादी, दिवाळीच्या कपड्यांची यादी, शिधापत्रिकेवरील नांवें, शाळेचा दाखला, आणि शेवटीं सातबारा. ज्याचें नांव पहिल्या यादींतून गळलें तें शेवटच्या यादींत सहसा येत नाहीं. नव्या बाळाचें आगमन ही त्या सर्व याद्या नव्यानें लिहिण्याची वेळ असते. म्हणून ती आनंदाची तशीच जोखमीचीहि असते.

अशीं घरें मराठवाड्यांत थोडीं आहेत असें कोणी म्हणूं नये. १९९३ सालच्या अनंत चतुर्दशीस गणपति बोळवून लोक निजले आणि ३० सप्टेंबरच्या पहांटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त केलीं. हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. कोठें नवरा मागें राहिला, कोठें बायको, कोठें नुसतीं लेकरें. कांहीं लेकरांस नळदुर्गच्या 'आपलं घर' या संस्थेनें आसरा दिला, कांहींस भारतीय जैन संघटनेनें पुण्यास नेऊन शिकविलें. मागें राहिलेल्यांपैकीं पुष्कळांनीं पुन्हां संसार मांडले. ज्या आयांनीं दोन-तीन मुलांनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि ज्यांचीं तींच मुलें त्या रात्रीं गेलीं, त्यांतील कित्येकींनीं पुन्हां शस्त्रक्रिया करवून घेऊन मातृत्वाची वाट मोकळी केली. त्या आयांचीं मुलें आज तिशीच्या घरांत आहेत. दुःखांतून संसार पुन्हां उभा करण्याची ही हिंमत वंदनीय आहे. पण अशा पाळण्याभोंवतीं एक मोह उभा असतो, तो म्हणजे गेलेल्यांची भरपाई म्हणून नव्या बाळाकडे पाहण्याचा. बाळ हें कोणाचीहि भरपाई नव्हे. गेलेल्या भावाचें नांव आणि त्याच्याकडून केलेल्या सगळ्या आशा या तान्ह्याच्या डोक्यावर ठेवणें हाहि त्याजवर अन्यायच आहे. भूकंपामागून अवर्षणें आलीं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, २०२० व २०२१ सालीं कोरोना आला. प्रत्येक संकटानें तरुण विधवा व विधुर मागें ठेविले. ते पुन्हां लग्न करितात हें योग्यच आहे, आणि त्यांनीं तें अधिक मोकळेपणानें करावें असें आमचें मत आहे. मग त्या लग्नांतून होणाऱ्या घरांची नीति काय असावी, हा प्रश्न उरतोच.

यावर कांहीं वडीलधारे गृहस्थ म्हणतील कीं, "सावत्र तें सावत्र, रक्त तें रक्त. जगांत असें चालत आलें आहे." आम्ही त्यांस त्यांच्याच घरांत नित्य वाचल्या जाणाऱ्या ग्रंथांकडे नेतों. बंधुप्रेमाचा दाखला द्यावयाचा झाला कीं आपण रामलक्ष्मणांची जोडी सांगतों. राम कौसल्येचा, लक्ष्मण सुमित्रेचा. आणि ज्यानें हातीं आलेलें राज्य पादुकांपुढें ठेविलें तो भरत तर कैकेयीचा. म्हणजे ज्यांस आपण बंधुत्वाचे आदर्श मानितों ते एकमेकांचे सावत्र भाऊ होते. महाभारतांत यक्षाच्या तळ्याकांठीं चारी भाऊ निश्चेष्ट पडले असतां, यांपैकीं एकास उठवितों, कोणास उठवूं, असें यक्षानें विचारलें. धर्मराजानें भीम मागितला नाहीं, अर्जुनहि मागितला नाहीं, नकुल मागितला. कारण काय? तर कुंतीचा एक पुत्र मी जिवंत आहें, माद्रीचाहि एक असावा. यापेक्षां चोख हिशेब आमच्या पेढ्यांवर तरी कोणीं केला असेल असें वाटत नाहीं. उलट ध्रुवाची कथा घ्या. सुरुचीनें त्यास बापाच्या मांडीवरून दूर केलें, म्हणून आपण तिलाच दोष देतों. पण ती मांडी उत्तानपाद राजाची होती. तो तोंडांतून अवाक्षर न काढतां बसून राहिला, त्याचें काय? आमच्याकडील घरोघरच्या ध्रुवांची गोष्टहि हीच आहे. बोलणारी स्त्री बदनाम होते आणि गप्प बसणारा बाप सुटून जातो.

पुराणें राहूं द्या. सव्वाशें वर्षांपूर्वींचीं माणसें पाहा. धोंडो केशव कर्वे विधुर झाले तेव्हां त्यांस रघुनाथ हा मुलगा होता. १८९३ च्या मार्च महिन्यांत त्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. कोंकणांतील त्यांच्या मुरूड गांवानें त्यांजवर बहिष्कार घातला. या दुसऱ्या संसारांत शंकर, दिनकर व भास्कर हे पुत्र झाले. अकरा वर्षांचा रघुनाथ पुढें 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून १९२७ पासून एकाकी झुंजला, आणि मूल इच्छेनें व्हावें, अपघातानें नव्हे, हें त्यानें महाराष्ट्रास सांगितलें. गांवानें वाळीत टाकलेल्या त्या घरानें महाराष्ट्रास काय दिलें तें आज सर्वांस ठाऊक आहे. त्याहि पूर्वीं, १८६३ सालीं, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, आणि अशाच एका विधवेच्या पोटीं जन्मलेल्या यशवंतास १८७४ सालीं स्वतःचा पुत्र म्हणून घरांत घेतलें. रक्ताचें नातें नसतां घराचें नातें होतें, हें सिद्ध करून दाखविणारीं माणसें आमच्याच मातींत झालीं आहेत.

आतां घरांतील स्त्रियांविषयीं. बिजवराच्या घरीं आलेल्या स्त्रीनें पहिल्या दिवसापासून परक्या मुलांची आई व्हावें, आणि तिला स्वतःस मूल झालें म्हणजे तिच्या मायेचें माप मात्र दररोज घेतलें जावें, हा कोठला न्याय? तिनें तान्ह्यास आधीं पाजलें तर शेजारीण कुजबुजते. थोरलीस रागें भरली तर कुजबुज गल्लीभर होते. बाळंतिणीस विश्रांति लागते. त्या काळांत थोरल्या मुलांचें जेवणखाण, शाळा आणि निजवणें हें बापानें व आजीनें पाहिलें तर अर्धा सावत्रपणा तेथेंच मरतो. आमच्याकडे जुनी एक चाल आहे. मेलेल्या सवतीचा टाक करून दुसरीनें तो गळ्यांत बाळगावयाचा. तिच्या मुळाशीं भय आहे, हें आम्ही जाणतों, आणि त्या भयास आमचा पाठिंबा नाहीं. परंतु मृत सवतीस गळ्यांत जागा देणाऱ्या समाजानें तिच्या जिवंत लेकरांस पदराखालीं जागा मिळते कीं नाहीं, हें आधीं पाहावयास नको काय?

दुसरी गोष्ट मुलींची. मोठ्या घरांत तान्हें मूल आलें कीं दहाबारा वर्षांची थोरली मुलगी आपोआप दाई बनते. आधीं चार दिवस, मग महिना, मग वार्षिक परीक्षा बुडते. आणि ती पहिल्या बायकोची असली तर तिची शाळा सुटल्याचें कोणास विशेष वाटतहि नाहीं. त्यांत नवें बाळ मुलगा असला तर 'वंशाचा दिवा आला' असा गजर होतो. दोन मुली दारांत उभ्या असतां असें म्हणणें म्हणजे आतांपर्यंत या घरांत अंधार होता असें त्यांस तोंडावर सांगणें होय. आणि बाळ मुलगी असली तर बोल आईस लागतो. आमची विनंति अशी कीं, हा दिव्याचा शब्दच त्या दिवशीं कोणीं उच्चारूं नये.

आतां व्यापारी वाचकांस विशेष कळावें म्हणून मालमत्तेचें बोलतों, कारण पाळण्याच्या दोरीपेक्षां दस्तऐवजाची दोरी बळकट असते. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानें पुनर्विवाहाची वाट मोकळी केली खरी, पण पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क त्याच कायद्यानें काढून घेतला होता, आणि तिचीं मुलें मृताच्या नातेवाइकांकडे सोंपविण्याचीहि त्यांत तरतूद होती. तो कायदा १९८३ सालीं रद्द झाला. पण खेडोपाडीं लोकांच्या मनांत तो अजून जिवंत आहे. आजची स्थिति अशी. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें विधवेस नवऱ्याच्या मिळकतींत जो वांटा एकदां मिळाला तो तिच्या मालकीचा झाला. तिनें मागाहून लग्न केलें म्हणून तो जात नाहीं. तिच्या मुलाचा आपल्या मृत बापाच्या मिळकतींतील हक्कहि आईच्या लग्नानें बुडत नाहीं. बापाच्या पहिल्या लग्नाचीं मुलें व दुसऱ्या लग्नाचीं मुलें, मुलगे तशाच मुली, बापाच्या मागें सारख्याच वारस आहेत. आईच्या मागें तिचीं सर्व मुलें, तीं कोणत्याहि नवऱ्यापासून झालेलीं असोत, सारखींच वारस आहेत. एकच खांच राहते. आईबरोबर आलेलें मूल सावत्र बापाचें आपोआप वारस होत नाहीं. ज्यास तें आपलें वाटतें त्या बापानें दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करून ठेवावें. त्यास मुद्रांक लागत नाहीं. दुकानाच्या हुंड्या जपणाऱ्या माणसानें एवढा एक कागद करावयास बारशाहून चांगला मुहूर्त कोणता? मुसलमान बांधवांच्या कायद्यांतहि सावत्र मूल वारस नसतें. परंतु एक तृतीयांशापर्यंत वसीयत करण्याची मुभा आहे, ती त्यांनीं वापरावी.

नांवाचाहि प्रश्न आहे. आईनें पुनर्विवाह केल्यावर मुलाचें आडनांव काय असावें हें ठरविण्याचा, आणि त्यास नव्या पतीस दत्तक देण्याचाहि, तिला नैसर्गिक पालक म्हणून अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२२ च्या जुलैंत दिला. कागदोपत्रीं 'सावत्र पिता' असा शिक्का उमटविण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश मुलाच्या मनास क्रूर आहे, अशा आशयाचें मत त्या निकालांत आहे. महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवापुढें आधीं आईचें नांव, मग बापाचें, मग आडनांव, असा क्रम ठरविला आहे. या सुधारणेचा एक उपयोग आमच्या विषयास फार जवळचा आहे. निरनिराळ्या बापांच्या दोन भावंडांस जोडणारें आईचें नांव आतां कागदावरहि दिसेल. मात्र आडनांव बदलण्याची सक्ति मुलावर करूं नये. ज्यास आपल्या गेलेल्या बापाचें नांव ठेवावयाचें असेल त्यास तें ठेवूं द्यावें आणि तरीहि त्याचें ताट त्याच पंक्तींत मांडावें.

बाळाच्या जिवाचीहि काळजी याच ओघांत सांगणें अवश्य आहे. २०२३ च्या ऑक्टोबराच्या आरंभीं नांदेडच्या सरकारी रुग्णालयांत चोवीस तासांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं, हें नांदेडकर विसरले नसतील. बाळ सुखरूप घरीं येणें हें अजूनहि गृहीत धरण्यासारखें झालेलें नाहीं. अभय व राणी बंग या डॉक्टर दांपत्यानें गडचिरोलीच्या खेड्यांत १९९५ ते १९९८ या काळांत गांवच्याच बायकांकडून घरोघर नवजातांची शुश्रूषा करवून, त्यांच्या मृत्यूचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटतें हें दाखविलें. त्याच धर्तीवर आज आशा कार्यकर्ती रुग्णालयांतून आलेल्या बाळास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं पाहावयास येते. तिला दारांतून परतवूं नये. मोठ्या घरांत बाळास घेणारे हात पुष्कळ. ते धुतलेले असावेत. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय घुटी नको, मध नको, पाणीहि नको. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी.

आणि थोरल्या मुलांविषयीं शेवटची गोष्ट. सात-आठ वर्षांचें मूल पुन्हां अंथरूण ओलें करूं लागलें, बोबडें बोलूं लागलें, तर तो हट्ट नव्हे. माझी जागा आहे कीं गेली, असा तो प्रश्न आहे. त्याचें उत्तर चापटीनें देऊं नये. बाळ घरीं येईल त्या दिवशीं आईनें आधीं त्यांस जवळ घ्यावें, बाळ क्षणभर आजीच्या हातीं द्यावें. भाकरतुकडा ओवाळावयाचा तर साऱ्या मुलांस ओळीनें उभें करून एकदमच ओवाळावा. दृष्ट एकट्या तान्ह्यासच लागते असें थोडेंच आहे! पाळण्याची दोरी प्रत्येकाच्या हातीं एकदां द्यावी. आणि 'हा तुझा सावत्र भाऊ' हे शब्द पाहुण्यांच्या तोंडांत आले तर घरच्या कर्त्यानें तेथल्या तेथें 'भाऊ' एवढीच दुरुस्ती करावी.

घरच्या गोष्टींत वर्तमानपत्रानें कां पडावें, असें कोणी विचारील. विधवाविवाहाच्या वेळीं हाच प्रश्न विचारला गेला होता, मुलींच्या शाळांच्या वेळींहि हाच. २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें ग्रामसभेंत ठराव करून विधवांचें कुंकू पुसणें व बांगड्या फोडणें बंद केलें. तीहि घरचीच गोष्ट होती. घरांत जें मूल अन्यायास सरावतें तेंच उद्यां बाजारांत व कचेरींत बसतें. लातूरच्या गंजगोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात. गिऱ्हाईक कोणत्या रस्त्यानें आलें हें तेथला व्यापारी विचारीत नाहीं. आलें हें पाहून गादीवर जागा करून देतो. तेवढेंच औदार्य त्यानें संध्याकाळीं दुकान बंद करून घरीं जातांना बरोबर न्यावें. कोणतें मूल कोणत्या वाटेनें त्याच्या घरीं आलें हा प्रश्न त्यानें आज सोडून द्यावा. आणि पुढल्या बारशाची पत्रिका छापावयास देण्यापूर्वीं तिच्या तळाची यादी एकदां स्वतः वाचावी, एवढीच आमची त्यास विनंति आहे.